उसनं वाक्य

तात्या चिवटे गेले त्या दुपारी घर माणसांनी भरलं, पण बोलेना कुणी. ओटीवर पुरुष बसले, आत बायका बसल्या. जो तो येई, त्यांच्या मुलीसमोर, उज्ज्वलासमोर, क्षणभर उभा राही, काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि तसंच मिटून घेई. शेजारच्या शेवंताकाकू म्हणजे बोलायला दांडग्या. कुणाची म्हैस मेली तरी गोठ्याच्या दारात बसून घटकाभर समजूत घालणारी बाई. त्यासुद्धा भिंतीला टेकून नुसत्या बसल्या, चहा घेतला आणि निघून गेल्या.

कृष्णाकाठच्या निंबळे गावात कुणाला कुणाच्या दुःखाचं काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, पण बोलायची चोरी झाली होती. आणि ती चोरी गावात आणली होती उज्ज्वलानंच. ती 'मागोवा'त नोकरीला होती ना.

आता हा मागोवा काय प्रकार होता ते नीट सांगायला हवं. उचलेगिरी पकडणारी यंत्रं त्याच्या आधीही होतीच. ती शब्दाला शब्द लावून बघायची. चार शब्द इकडचे तिकडे केले की फसायची. कॉलेजातल्या पोरांनी तर ती केव्हाच कोळून प्यायली होती. मागोव्यानं शब्द सोडला आणि अर्थ धरला. प्रत्येक वाक्याला तो एका अफाट नकाशावर जागा देई. या नकाशाला लांबी-रुंदी नव्हे, हजारो दिशा होत्या. एका अर्थाची वाक्यं तिथं शेजारी शेजारी येऊन बसत, मग त्यांतले शब्द वेगळे असोत की भाषा वेगळी असो.

पण शेजारी म्हणजे सोयरे नव्हेत. खरा शोध पुढचाच होता. वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना थोडं झिजतं, त्याला थोडी नवी भर पडते, आणि ही झीज-भर मनाला येईल तशी न होता नियमानं होते, असं पुण्याच्या दोन संशोधकांच्या ध्यानात आलं. म्हणजे दोन वाक्यं समोर ठेवली की त्यांतलं आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं आणि मधे साधारण किती तोंडं गेली असतील, याचा हिशोब बांधता येऊ लागला. घरातलं नाक पणजोबांपासून कसं उतरत आलं ते आपण जुन्या फोटोंवरून सांगतो, तसंच हे. फोटोंना तर तोटा नव्हता. जुनी वर्तमानपत्रं, रेडिओच्या टेपा, गावोगावच्या व्हिडिओवाल्यांनी नेटवर टाकलेली लग्नं, बारशी, सत्कार, शोकसभा, सगळं मागोव्याच्या पोटात गेलं होतं.

मग ते फोनवर आलं. समोरचा बोलत असला की पडद्यावर त्याची वाक्यं उमटत. स्वतःचं असलं तर हिरवं, उसनं असलं तर पिवळं. पिवळ्याला बोट लावलं की त्याची सगळी वंशावळ उलगडे.

सुरुवातीला लोकांना भारी मजा वाटली. मंत्र्याचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळंजर्द निघालं, तेव्हा तर लोकांनी मिठाई वाटायची बाकी ठेवली. प्राध्यापकांचे प्रबंध हळद लागल्यासारखे दिसू लागले. पण दुसऱ्याच्या घराला लागलेली आग शेकायला बरी. ती आपल्या वळचणीला यायला वेळ लागत नाही. मांडवात नवरीनं नाव घेतलं की तिच्याच मैत्रिणी फोनकडं बघून खुसखुसू लागल्या, आणि मुली नाव घेईनाशा झाल्या. वाढदिवसाला उसनं काही नको म्हणून एका जावयानं सासऱ्यांना लिहिलं, 'तुमच्या गुडघ्यांची भरभराट होवो.' हिरवंगार वाक्य. सासरे वर्षभर बोलले नाहीत.

सगळ्यांत आधी आटलं ते सांत्वन. कारण सांत्वनाइतकं उसनं जगात दुसरं काही नसतं. 'धीर धरा' पिवळं. 'काही लागलं तर हाक मारा' पिवळं. दुःखात असलेल्या माणसाला शिळं वाढायचं म्हणजे त्याचा अपमान, असं लोकांच्या मनानं घेतलं. हे मनानं घेतलं ते कशामुळं, तर उज्ज्वलाच्या आईच्या सावडण्यामुळं.

त्या भागात तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा सावडायला गाव नदीवर जमतो. राख गोळा होते, नैवेद्य ठेवतात, कावळा शिवतो, आणि मग घाटाच्या पायऱ्यांवर कुणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतं. निंबळ्यात ते दोन शब्द बोलायचे नलावडे सर. हायस्कूलला मराठी शिकवून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, आवाज मात्र पैलतीरापर्यंत जाणारा. श्रीमंत असो की गरीब, सरांचे दोन शब्द झाल्याशिवाय माणूस नीट गेला असं गावाला वाटत नसे.

उज्ज्वलाची आई गेली तेव्हाही सर बोलले. शेवटी म्हणाले, "माणूस गेला की त्याच्या वाटणीचं काम मागं राहतं. ते आपण थोडं थोडं वाटून घेऊ, म्हणजे त्याला वाटेत मागं वळून बघावं लागणार नाही." घाटावर सगळ्यांचे डोळे पाणावले. उज्ज्वला तर हमसून हमसून रडली. आईबद्दल इतकं नेमकं कुणी कधी बोललं नव्हतं. आई होतीच तशी, सारखी मागं वळून बघणारी. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का.

आठ-पंधरा दिवसांनी ती कामावर परतली. मागोवा तेव्हा नुकता बाजारात आला होता आणि मराठीची चाचणी अजून तिच्याकडं होती. तिनं सहज म्हणून, खरं तर पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं म्हणून, सरांच्या भाषणाचं रेकॉर्डिंग त्यात घातलं. वाक्य पिवळं झालं. तिनं बोट लावलं. तिच्या आईच्या आधी ते पोस्टमन हणमंत लाडांसाठी म्हटलेलं होतं, त्यांच्या आधी काशीबाई सुईणीसाठी, त्यांच्या आधी सोसायटीच्या चेअरमनसाठी, आणि असं मागं मागं किती तरी.

तिला वाटलं, आपल्या आईला कुणीतरी दुसऱ्याचं उतरलेलं लुगडं नेसवून पाठवलं.

त्या रागात तिनं ती वंशावळ आणि सरांची चित्रफीत कंपनीच्या पानावर टाकली. वर लिहिलं, 'माझ्या आईसाठी आलेलं शिळं वाक्य.' कंपनीला असंच काहीतरी हवं होतं. महाराष्ट्रभर ती चित्रफीत फिरली. लोक हसले, हळहळले, आपापल्या घरच्या शोकसभा तपासू लागले. नलावडे सरांनी काही खुलासा केला नाही. ते घाटावर यायचे थांबले. त्यानंतर निंबळ्यात सावडायला दोन मिनिटं स्तब्धता पाळायची पद्धत पडली.

तात्या तेव्हा तिला रागावले नाहीत. पिठाची गिरणी चालवणारा माणूस, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, मनात काही ठेवायचे नाहीत. त्या दिवशी मात्र जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "झालं तुझं समाधान?" हळूहळू त्यांचं बोलणंच कमी झालं. एकदा तिनं विचारलं, "तात्या, माझ्याशी बोलत का नाही?" तर म्हणाले, "तुझ्यापुढं बोलायचं म्हणजे पावती घेऊन बोलावं लागतं गं. माझ्याकडं कुठल्या पावत्या." एका घरात दोघंच राहत होती, आणि दोन खोल्यांत दोन रेडिओ लागायचे.

आता एक रेडिओ बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ प्रताप आला. सगळी धावपळ त्याच्याच अंगावर होती. दारातूनच म्हणाला, "आक्का, उद्या सकाळी लवकर निघायचं. स्तब्धता झाली की आटपलं. भटजी लवकर मोकळं करा म्हणतायत."

"कुणी बोलणार नाही?"

पायातली चप्पल उगाच सारखी करत प्रताप म्हणाला, "कोण बोलणार आक्का? आणि तुझ्यासमोर?"

तो गेल्यावर उज्ज्वला बंद गिरणीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. तिला एवढंच हवं होतं की तात्यांना मुक्यानं पाठवू नये. जन्मभर गावाशी बोललेला माणूस. कुणी बोलणार नसेल तर आपण बोलू, तिनं ठरवलं. आणि बोलायचं तर असं की कुणी बोट दाखवू नये.

तिनं फोन समोर ठेवला आणि एकेक वाक्य म्हणून बघायला सुरुवात केली. 'तात्या कष्टाळू होते.' पिवळं, वंशावळ एवढी लांब की पडद्यावर मावेना. 'तात्यांनी गावाला जन्मभर पीठ पुरवलं.' पिवळं, खानदेशातल्या कुण्या गिरणीवाल्यासाठी आधीच म्हटलेलं. 'तात्यांनी आईची उणीव भासू दिली नाही.' पिवळं, शिवाय खोटं. 'मला त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं.' हे तरी आपलं असेल असं तिला वाटलं. तेही पिवळं. इतकं पिवळं की मागोव्यानं मूळ द्यायचंच सोडून दिलं आणि नुसतं 'सर्वत्र' असं दाखवलं.

किती तरी वेळानं एक हिरवं आलं. 'दळण तोलताना तात्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलायचे.' खरं होतं. जगात दुसऱ्या कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. तिनं ते दोनदा म्हटलं. घाटावर उभं राहून एवढंच म्हटलं तर लोक काय करतील, याचा विचार केला. लोक तिच्या तोंडाकडं बघत राहतील. त्या अंगठ्याचं काय ते फक्त तिलाच कळत होतं. जितकं वाक्य तिचं एकटीचं, तितकी ती एकटी. तिनं फोन उलटा ठेवला आणि गिरणीच्या पांढुरक्या भिंतीकडं बघत बसली.

दुपारी ती उठली आणि नलावडे सरांच्या घरी गेली. दुसरं दार उरलं नव्हतं.

सर पडवीत लसूण सोलत बसले होते. तिला बघून सूप बाजूला केलं. "ये. तात्यांचं कळलं. मी काल येऊन कोपऱ्यावरनं परत गेलो."

"घरी का नाही आलात?"

"येऊन बोलणार काय होतो?"

ती पायरीवरच बसली. काय काय म्हणायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं गळून गेलं. ती म्हणाली, "सर, मी तुमचं वाईट केलं. आता मागायला आलेय. उद्या तात्यांसाठी बोला."

सरांनी लसणाची सालं गोळा केली. मग म्हणाले, "एक सांगतो, राग मानू नको. तुझ्या आईच्या वेळी मी वेगळं लिहून आणलं होतं. चांगलं दीड पान. तात्या घाटावर मला बाजूला घेऊन म्हणाले, सर, ते हणमंताच्या वेळचं म्हणा, वाटून घ्यायचं. मला तेच पाहिजे."

"तात्या म्हणाले?"

"तात्याच कशाला. हणमंताच्या पोरानं काशीबाईच्या वेळचं मागितलं होतं. काशीबाईच्या सुनेनं चेअरमनच्या वेळचं. लोक मागायचे गं. आपल्या माणसालाही तेच मिळावं असं वाटायचं त्यांना. आपण नाही का, एकच सत्यनारायणाची कथा सगळ्यांच्या घरी सांगतो. तुझ्या यंत्रानं वाक्य कुठनं आलं ते सांगितलं. कशाला आणलं, ते त्याला कसं कळणार?"

इतकी वर्षं उज्ज्वला वंशावळी तपासत होती. कोणाचं कोणाकडं गेलं, केव्हा गेलं, किती झिजलं. कुणी हात पसरून मागून नेलं असेल, हा रकानाच त्यात नव्हता आणि तिला तो कधी सुचलाही नव्हता.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं हे?"

"तुझी आई गेली होती. तुझ्याशी काय भांडायचं? आणि तात्यांनी मला बोलू दिलं नाही. म्हणाले, पोर दुःखात आहे, होईल शांत." सरांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. "गेल्या महिन्यात आले होते इथं. म्हणाले, सर, माझ्या वेळी तेच म्हणा. मी म्हटलं, आधी उज्ज्वलाला विचारा. तर म्हणाले, तिला कसं विचारू?"

तिनं पदर तोंडात कोंबला. तात्या महिनाभर हे मनात घेऊन पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. मधे फक्त एक भिंत होती, तीही विटेची नव्हे, पत्र्याची.

"मग म्हणा ना सर. त्यांची इच्छा होती."

"नाही म्हणणार," सर म्हणाले. "रागानं नाही म्हणत, खरंच नाही. मी तोंड उघडलं की लोक आता माझ्याकडं बघत नाहीत, हातातल्या फोनात बघतात. समोर डोळे नसले की मला बोलता येत नाही. मास्तरकीत गेला जन्म. तू म्हण. तुझे वडील आहेत."

"ते वाक्य तुमचं आहे."

"माझं कुठलं? माझे वडील गेले तेव्हा मी लहान होतो. कुण्या तलाठ्यानं म्हटलं होतं घाटावर. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. त्यानं कुठनं आणलं देव जाणे. घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावर बराच गाव आला होता. राख गोळा झाली, अस्थींचं मडकं प्रतापनं हातात घेतलं. कावळा लगेच शिवला. तात्यांचं काही मागं राहिलं नाही, असं भटजी पुटपुटले, आणि आपण काय बोलून गेलो या भीतीनं त्यांनी इकडंतिकडं बघितलं. प्रतापनं स्तब्धतेसाठी हात वर केला.

"थांब," उज्ज्वला म्हणाली आणि खालच्या पायरीवर जाऊन लोकांकडं तोंड करून उभी राहिली.

निंबळ्यात घाटावर बाई बोललेली कुणी पाहिली नव्हती. पण लोकांना धक्का बसला तो त्याचा नव्हे. ही बोलणार, याचा बसला. सवयीनं हात खिशांकडं गेले, फोन वर झाले. नदीवरून वारा येत होता. वरच्या अंगाला पिंपळाजवळ सर उभे होते.

"मी जे म्हणणार आहे ते पिवळं आहे," ती म्हणाली. "बघायची गरज नाही, मीच सांगते. माझ्या आईच्या वेळी सरांनी ते म्हटलं होतं, आणि मी त्याचं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते आईसाठी तात्यांनी मागून घेतलं होतं, हे मला काल कळलं. तात्यांना स्वतःलाही तेच हवं होतं. मला विचारायची त्यांना भीती वाटली." फोन तसेच वर होते, आणि त्यांच्यामागं एकाही माणसाचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता.

"माणूस गेला की त्याच्या वाटणीचं काम मागं राहतं," ती म्हणाली.

पुढचं तिला पाठ होतं. कंपनीच्या पडद्यावर किती वेळा पाहिलेलं. "ते आपण," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा, "ते आपण." पण तेवढ्यावरच अडलं. प्रताप मडकं घेऊन तिच्याकडं बघत होता. आता हेही अर्धंच राहणार, तात्यांना अर्ध्या वाक्यावर जावं लागणार, असं तिच्या मनात आलं.

"थोडं थोडं वाटून घेऊ," वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं.

म्हातारा आवाज होता. कुणाचा, ते तिला कळलं नाही. मग बायकांतून शेवंताकाकूंचा आला, "वाटून घेऊ गं बाई, थोडं थोडं." मग आणखी दोघा-तिघांचा. कुणी 'वाटून घेऊ' म्हणालं, कुणी 'उचलू' म्हणालं, ज्याच्या त्याच्या घरी जसं राहिलं होतं तसं. पोस्टमनच्या घरचे एका चालीनं म्हणत होते, काशीबाई सुईणीच्या घरचे दुसऱ्या. आवाज एकमेकांच्या पुढं-मागं होत होते, कुठं अडखळत होते, पण थांबत नव्हते. म्हणता म्हणता लोकांचे हात खाली आले आणि तिला चेहरे दिसू लागले. सगळे तिच्याकडं बघत होते. पिंपळाखाली सरांचेही ओठ हलत होते.

"म्हणजे त्याला वाटेत मागं वळून बघावं लागणार नाही," घाट म्हणाला, आणि उज्ज्वलाला नुसतं उभं राहून ऐकण्यापलीकडं काही करावं लागलं नाही.